सीडीचं सोवळं

समोरच्या इमारतीतल्या एका गॅलरीत कुणीतरी कबुतरं हाकलायला सीड्या टांगल्यात. सुतळीत ओवलेल्या, पाच-सहा तरी असतील. दुपारी ऊन तिकडे वळलं की माझ्या ओट्यामागच्या फरशांवर सप्तरंगी कवडसे नाचायला लागतात. कबुतरांवर म्हणाल तर काडीचा परिणाम नाही. एक तर त्याच सुतळीवर बसून मान फुगवत असतं. मला मात्र चहाचं आधण ठेवता ठेवता भलतंच काहीतरी खुपलं. सुतळी ओवताना त्या माणसाने सीड्या कशा धरल्या असतील? पंजात. चकचकीत बाजूवर पाचही बोटं टेकवून.

आता फेकायच्याच सीड्या त्या, कुणी कशाही धरेना का. पण आमच्या घरात वाढलेल्या माणसाला हे असं सहज सोडता येत नाही.

आम्ही चिपळूणला राहायचो. काका मस्कतला नोकरीला होता, आणि एका गणपतीला तो सीडी प्लेअर घेऊन आला. काळा, चपटा, समोर हिरवट निळे आकडे उमटणारा. बाहेरच्या खोलीतल्या शोकेसवर त्याची स्थापना झाली, आईने त्यावर क्रोशाचा रुमाल घातला आणि बाबांनी नियम जाहीर केले. हात साबणाने धुवायचे. नुसते धुवायचे नाहीत, कोरडे करायचे. सीडी धरायची ती तर्जनी मधल्या भोकात आणि अंगठा कडेला. आत जायला लागेल तेवढाच वेळ ती बाहेर राहायची, टेबलावर ठेवायची नाही. भजी, चिवडा, फणसाचे गरे खात असलेल्या इसमाने शोकेसपासून लांब बसायचं. पाहुण्यांनासुद्धा सवलत नाही.

बाबा एरवी सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत अगदीच ढिले. गणपतीच्या पूजेला कद नेसायचा म्हणजे त्यांच्या कपाळाला आठ्या. त्यामुळे आजीला हा प्रकार बघून फार मजा वाटायची. "देवाच्या सोवळ्याला नाक मुरडतोस रे," ती झोपाळ्यावरून म्हणायची, "आणि ह्या तबकडीला शिवायचं तर हात धुवून ये म्हणतोस होय?" बाबा म्हणायचे, "आई, देवाला ओरखडे पडत नाहीत." ह्यावर आजीकडे उत्तर नव्हतं असं नाही, पण ती देत नसे.

डबी उघडायचीही रीत होती. मधे जी दातेरी चकती असते तिच्यावर अंगठ्याने दाबायचं, म्हणजे सीडी आपणहून टुपकन सुटते. कडेला धरून ती उपटून काढणारे लोक असतात. सीडी बिचारी धनुष्यासारखी वाकते आणि एकदम सुटते. अशा माणसाला मी आजही पुस्तक उसनं देत नाही. ट्रे आत ढकलणारे दुसरे. बटण दिलेलं असतं, ते दाबलं की ट्रे आपला आपण आत जातो. तरी ह्यांना बोटाने ढोसायचंच असतं. आमच्याकडे एकदा एका लांबच्या मामांनी ट्रे असा ढकलला, तेव्हा बाबांच्या तोंडून "हां हां हां" एवढंच बाहेर आलं, पण जेवताना ते मामांशी बोलले नाहीत.

मग ते चार-पाच सेकंद. आत काहीतरी घुंऽ करत फिरायला लागतं, क्षणभर थांबल्यासारखं होतं, आणि समोर आकडे येतात: इतकी गाणी, एकूण इतकी मिनिटं. मला वाटायचं की प्लेअर सगळी सीडी एकदा भरभर ऐकून घेतो. तो फक्त अनुक्रमणिका वाचत असतो, आणि ती असते अगदी आत, भोकाजवळ. सीडीचं सगळंच उलट. ग्रामोफोनची सुई बाहेरून आत यायची, हिचा लेसर आतून बाहेर जातो. सुरुवातीला ती मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते आणि कडेपर्यंत येता येता २०० वर येते, कारण लेसरखालून माहिती सतत एकाच वेगाने सरकायला हवी. म्हणजे ख्यालाची संथ सुरुवात, विलंबित, चालू असताना तबकडी सगळ्यात जोरात पळत असते आणि शेवटचं जलद द्रुत ऐन रंगात आलं की ती दमलेली असते. हे कळल्यापासून मला ख्याल ऐकताना उगीचच हसू येतं.

पुसायचा नियमही बाबांचाच, आणि तो शंभर टक्के बरोबर निघाला. गोल गोल पुसायचं नाही. भोकापासून कडेकडे, सरळ. मऊ सुती कापड, म्हणजे आमच्याकडे आजीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा. सीडीवरची माहितीची रेघ चक्राकार, पाच किलोमीटरहून लांब. गोल पुसताना एखादा खडा कापडात अडकला तर ओरखडा त्या रेघेवरूनच धावत जातो आणि सलग मजकूर बुडतो. आडवा ओरखडा रेघेला नुसता ठिकठिकाणी छेदतो. तेवढं नुकसान प्लेअर स्वतः भरून काढतो, कारण माहिती लिहितानाच ती विस्कटून, जादा आकडे घालून लिहिलेली असते. सलग अडीच मिलिमीटरपर्यंतचा मजकूर गेला तरी तो आजूबाजूच्या आकड्यांवरून हिशोब लावून परत उभा करतो. टूथपेस्टचा उपाय मात्र बाबांना मान्य नव्हता. पांढरी टूथपेस्ट ओरखड्यावर हलक्या हाताने घासली की प्लास्टिकला थोडी झिलई येते आणि कधी कधी अडकणारं गाणं खरंच सुटतं. आम्ही भावंडांनी तो प्रयोग ते शाळेत गेल्यावर केला. यशस्वी झाला. सांगितलं कुणी नाही.

पण ह्या सगळ्या सोवळ्याची खरी गंमत मला फार उशिरा कळली. आम्ही जपत होतो ती चकचकीत बाजू. सीडी खाली ठेवायची वेळ आलीच तर सगळं जग ती कशी ठेवतं? चकचकीत बाजू वर, छापील नावाची बाजू खाली. आणि माहिती असते नावाच्या बाजूला! सीडीची जाडी १.२ मिलिमीटर, आणि ते जवळजवळ सगळं प्लास्टिक लेसरच्या बाजूने. लेसर खालून, त्या प्लास्टिकमधून आरपार बघतो. त्याचा झोत पृष्ठभागावर चांगला रुंद असतो आणि आत जाऊन एका बिंदूला मिळतो, त्यामुळे खालचे बारीक ओरखडे त्याच्या नजरेतच भरत नाहीत. वरच्या बाजूला ॲल्युमिनियमचा पापुद्रा, त्यावर लाखेसारखा काही मायक्रॉनचा लेप आणि त्यावर गवयाचं नाव. बस. नखाने जोरात खरवडलं तर नावाखालचा एखादा तुकडा कायमचा गेला. मग तिथे ना टूथपेस्ट चालते, ना आजीचं लुगडं. ज्या बाजूवर आम्ही बॉलपेनने तारखा लिहिल्या, किंमतीची चिकटपट्टी नखाने काढली, तीच नाजूक होती.

बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "असेल. पण बोटं लावायची नाहीत."

सीड्या तेव्हा महाग होत्या. बाबा कामासाठी मुंबईला गेले की काळ्या घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये जायचे आणि बऱ्याचदा काही न घेता परत यायचे. (ते दुकान २०१६ साली बंद झालं.) एखादी आणली तर ती शास्त्रीयच. सीडीवर ७४ मिनिटं का बसतात ह्याची एक कहाणी सांगतात, बीथोव्हेनची नववी सिंफनी अखंड बसावी म्हणून. ती कितपत खरी ह्यावर वाद आहेत. पण १९८२ साली, आपल्याकडे रंगीत टीव्ही आला त्याच वर्षी, सोनी आणि फिलिप्स यांनी बाजारात आणलेली ही वस्तू ख्यालगायकीच्या फार सोयीची निघाली एवढं खरं. गायिका गौहर जानने १९०२ साली कलकत्त्यात ग्रामोफोनसाठी जे गायलं ते तीन-साडेतीन मिनिटांत, शेवटी स्वतःचं नाव पुकारण्यासकट. एलपीची एक बाजू वीस-बावीस मिनिटांची. कॅसेट उलटायला उठावं लागे, आणि ती नेमकी कुठे संपायची ते ज्यांनी अंतऱ्यावर "खट्" ऐकलंय त्यांना सांगायला नको. सीडीवर पहिल्यांदा बडा ख्याल पाय पसरून बसला.

पण त्याबरोबर ते आकडे आले. बटण दाबलं की किती झालं त्याऐवजी किती उरलं ते दिसायचं. मैफलीत गवई कधी थांबणार हे कुणालाच ठाऊक नसतं, खुद्द त्यालाही नसतं. इथे यमन सुरू झाल्याबरोबर तो अमुक मिनिटांनी मरणार हे समोर लिहून यायचं. तान कितीही बेफाम असली तरी डोळा तिकडे जायचाच: दोन मिनिटं दहा सेकंद. म्हणजे आता ही शेवटची. आईचा क्रोशाचा रुमाल पुढून जरा लांब होता, तो मी मुद्दाम आकड्यांवर ओढून घ्यायची. अजूनही मोबाइल पालथा घालून ठेवते.

गाण्यांचा क्रम विस्कटणारं शफल नावाचं बटण होतं. ते दाबलं की द्रुत आधी आणि विलंबित नंतर. माझ्या भावाला हे फार आवडायचं. बाबांनी त्या बटणावर चिकटपट्टी लावली.

आणि ते दोन सेकंद. मूळ सीडीवर विलंबित आणि द्रुत ही दोन वेगळी गाणी म्हणून नोंदलेली असतात, पण मधे खंड नसतो. समेवरून लय वाढते आणि आकडा एकावरून दोनवर जातो इतकंच. पुढे घरोघरी कॉम्प्युटर आले, लोक एकमेकांच्या सीड्या उतरवून घ्यायला लागले, आणि उतरवताना नीट सांगितलं नाही तर तो कॉम्प्युटर प्रत्येक गाण्याआधी आपला दोन सेकंदांची शांतता घालायचा. तबलजीचा हात वर गेलेला, आणि मधेच काहीच नाही. मी अशा प्रती इतक्या ऐकल्यात की एका भूपात मला ते दोन सेकंद रागाचाच भाग वाटतात. मूळ सीडी मिळाली तेव्हा तिथे काहीतरी चुकल्यासारखं झालं.

व्हीसीडीबद्दल, म्हणजे चित्र दाखवणाऱ्या सीडीबद्दल, मी बोलणार नाही. नाटकांच्या व्हीसीड्या दोन-दोनच्या जोडीने यायच्या आणि उसनी दिली की दुसरी परत यायची नाही. कितीतरी नाटकांचा शेवट मला आजतागायत ठाऊक नाही.

चिपळूणच्या पावसात सीडी टिकली, बाकी सगळं हरलं. आतल्या पुस्तिका एकमेकींना चिकटायच्या, कसर लागायची, गवयाच्या फोटोला नेमकं नाकावर भोक पडायचं. प्लेअर रुसायचा. आत सीडी असताना "नो डिस्क" म्हणायचा. लेन्सवर दमटपणाचं बाष्प धरलेलं असायचं. तासभर नुसता चालू ठेवला की तो मुकाट्याने गायला लागे. तरी बाबांना चैन पडत नसे. मग ब्रशवाली सीडी यायची. तिच्या खालच्या बाजूला इवलासा कुंचला चिकटवलेला असतो, ती फिरते आणि लेन्स झाडते. आजी म्हणायची, "केरसुणी आली."

ह्या आजीच्या ओव्या बाबांनी कॅसेटवर टेप केल्या होत्या. पहाटेच्या, जात्यावरच्या, जातं नव्हतंच तेव्हा, ती नुसती बसून म्हणायची, मधेच विसरायची, आणि "थांब रे" म्हणायची तेही त्यात आहे. ती गेल्यावर बाबांनी त्याची सीडी करून आणली, कायमची राहावी म्हणून. मूळ कॅसेटवर पुढे कुणी क्रिकेटची कॉमेंट्री टेप केली, ते विचारू नका.

आता गोष्ट अशी आहे की बाजारातल्या सीडीवर खाचा साच्याने दाबून उठवलेल्या असतात, आणि घरी किंवा दुकानात लिहिलेल्या सीडीवर खाचा नसतातच. तिथे एक रंगाचा थर असतो आणि लेसर त्यावर डाग पाडतो. रंग तो. ऊन, उकाडा, दमट हवा, काहीही त्याला पुरतं. गवयांच्या सगळ्या सीड्या अजून ठणठणीत वाजतात. आजीची अलीकडे शेवटाकडे अडखळायला लागली आहे. कड आधी जाते आणि सीडी आतून बाहेर वाचली जाते, तेव्हा शेवटच्या ओव्या आधी. वरती बाबांच्या अक्षरात बॉलपेनने "आई" लिहिलंय, चांगलं दाबून.

उरलंय तेवढं उतरवून घ्यायला हवं. भाचा म्हणाला, "मावशी, त्यात काय, पाच मिनिटांचं काम, मी रविवारी लॅपटॉप घेऊन येतो." आला. लॅपटॉप चारी बाजूंनी फिरवून पाहिला. सीडी घालायला त्याला जागाच नाही. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मिळतो म्हणे, तो मागवलाय. सीडी मात्र त्याने पंजातच धरली होती.