वेचणीनंतरची यादी

कापसाची वेचणी आटोपल्यावर उन्हाळवाही, म्हणजे उन्हाळ्यातील नांगरट, सुरू होईपर्यंत जो मोकळा काळ मिळतो, तो मी आता एका यादीसाठी राखून ठेवतो. आयुष्यात काय पाहायचे आणि काय शिकायचे, हे तिच्यात लिहिलेले आहे. बहुतेक ठिकाणे विदर्भातीलच आहेत, कारण शेजारचे जिल्हे अनोळखी असताना दूरदेशी जाण्याची घाई मला पटत नाही.

लोणार पाहून झाले. उल्कापाताने काळ्या बेसॉल्ट खडकात पडलेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर काठावरून पाहताना मला बराच वेळ बोलवेना. खाली खारट, अल्कधर्मी सरोवर आणि वर उतारावर बारमाही वाहणारी गोड्या पाण्याची धार, हे इतके जवळ असू शकते यावर पाहिल्याशिवाय माझा विश्वास बसला नसता. जून २०२० मध्ये हेच पाणी क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे गुलाबी झाले होते आणि त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला.

पोहणेही शिकलो, तेही पन्नाशीनंतर, पाठीला वाळलेला भोपळा बांधून, आमच्याच विहिरीत.

आता कोरकू भाषा. मेळघाटातील ही भाषा मुंडा कुळातील असून मराठीशी किंवा द्राविडी कुळातील गोंडीशी तिचे नाते नाही, म्हणून ती अगदी पहिल्या शब्दापासून शिकावी लागेल. येत्या उन्हाळ्यापूर्वी चिखलदऱ्याजवळ एका परिचित शिक्षकांकडे मुक्काम करण्याचे ठरले आहे.