आधी काळी, शेवटी काळी: गाडीची बॅटरी पार्किंगमध्ये बदलताना

बॅटरी बदलायला दहाचा पाना आणि वीस मिनिटं पुरतात. तरी घरी बदललेल्या बॅटरीचे घोळ मुख्यतः तीन प्रकारचे असतात: बॅटरी चुकीची आणली, वायरी चुकीच्या क्रमाने काढल्या, नाहीतर वायरीच्या टोकाचा क्लॅम्प टर्मिनलवर नीट बसला नाही. माझ्या छोट्या पेट्रोल हॅचबॅकची बॅटरी मी बिल्डिंगच्या पार्किंगमध्येच बदलली. ती कशी, हे इथे कारणांसकट लिहितो.

बॅटरी खरंच गेली आहे का, हे आधी ठरवायचं. सेल्फ मारल्यावर नुसतं ‘टक टक’ होणं आणि डॅशबोर्डचे दिवे मंद होणं, हे ढिल्या टर्मिनलचंही लक्षण असतं. एक साधा डिजिटल मल्टिमीटर हाताशी असला की अंदाजाचं काम उरत नाही. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत १२.६ व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली गेली की रिकामीच म्हणायची. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर आकडा फसवा, चढा दिसतो. अशा वेळी हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करायचे, थोडं थांबायचं आणि मग मोजायचं.

खरी परीक्षा सेल्फ मारताना होते. एकाने चावी फिरवायची, दुसऱ्याने मीटर बघायचा. चांगली बॅटरी १० व्होल्टच्या वर टिकते. माझी रात्रभर चार्जरवर ठेवूनही सेल्फ मारताना ९ च्या खाली कोसळत होती, म्हणजे तिचं आयुष्य संपलं होतं. त्याच वेळी मीटरची एक पिन टर्मिनलच्या शिशाच्या खुंटीवर आणि दुसरी त्यावरच्या क्लॅम्पवर धरून बघावी. सेल्फ मारताना तिथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर दोष बॅटरीचा नसून जोडाचा आहे, आणि पॉलिश पेपरच्या तुकड्यात काम होऊन जाईल. दुकानात जाण्याआधी ही एक तपासणी कराच.

आता खरेदी. जुन्या बॅटरीवरचा कोड जसाच्या तसा लिहून घ्यायचा, फोटो काढला तर उत्तमच. माझ्या बॅटरीवर ३८बी२०एल छापलेलं होतं. ही जपानी पद्धत. ३८ हा ताकदीचा अंक, ‘बी’ म्हणजे पेटीची रुंदी-उंची, २० म्हणजे सेंटिमीटरमध्ये लांबी, आणि शेवटचा ‘एल’ किंवा ‘आर’ प्लस टर्मिनल कुठल्या बाजूला आहे ते सांगतो. या एका अक्षराकडे दुर्लक्ष झालं की पंचाईत होते. एलच्या जागी आर आणली तर गाडीच्या वायरी पोचत नाहीत. ओढूनताणून पोचल्या तर त्या उलट्या टर्मिनलवर जाण्याची भीती असते, आणि उलटी जोडणी झाली की मुख्य फ्यूज आणि अल्टरनेटरचे (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचे) डायोड जातात. कोडच्या शेवटी ‘एस’ असेल तर टर्मिनल जाड. बी मापाच्या बॅटऱ्यांत बारीक आणि जाड असे दोन्ही प्रकार येतात. जाड खुंटीचा क्लॅम्प बारीक खुंटीवर कितीही आवळला तरी फिरतच राहतो. मग लोक पत्र्याची पट्टी घालून भागवतात. ते तात्पुरतंही करू नये.

बऱ्याच नव्या गाड्यांत डीआयएन, म्हणजे जर्मन पद्धतीच्या मापाची बॅटरी असते. ती वरच्या पट्टीने नाही, तळाच्या ओठाला लागणाऱ्या ठोकळ्याने धरलेली असते, त्यामुळे या दोन पद्धतींची अदलाबदल करता येत नाही. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणारी गाडी असेल तर त्या कामासाठी बनवलेली ईएफबी किंवा एजीएम बॅटरीच घ्यायची. साधी तिथे लवकर मरते. अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची साठवण, थोडे जास्त चालतात, पण उंची जास्त चालत नाही, कारण बॉनेट बंद केल्यावर टर्मिनल आणि पत्रा यांत अंतर राहायला हवं. दुकानातच नव्या बॅटरीचा व्होल्टेज मोजायला सांगावा. १२.५ च्या खाली असेल तर दुसरी मागावी. वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का तिथेच मारून घ्यावा, नंतर कोणी मारत नाही.

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चावी बंद. ड्रायव्हरच्या बाजूची काच खाली करून ठेवायची आणि चावी खिशात, कारण बॅटरी परत जोडताना काही गाड्या स्वतःच लॉक होतात. म्युझिक सिस्टीमला कोड लागत असेल तर तो आधीच शोधून ठेवावा. चावी काढल्यावर दहा मिनिटं गाडीला तशीच राहू द्यायची, तेवढ्यात आतली इलेक्ट्रॉनिक्स झोपी जाते. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवायचं. हा सल्ला सगळे देतात आणि ऐकत कोणी नाही, पण प्लस आणि बॉडीच्या मध्ये सापडलेली अंगठी क्षणात लाल होते आणि बोटातून निघत नाही. डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे. आसपास विडी-सिगारेट नको. लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत तो फक्त चार टक्के झाला तरी ठिणगीने पेटतो. बंद गॅरेज असेल तर शटर वर करूनच काम करायचं.

आता क्रम. काढताना आधी मायनस, बहुतेक गाड्यांत काळी वायर. रंगावर मात्र विसंबू नये. बॅटरीवर कोरलेलं वजाचं चिन्ह बघावं, कारण बाहेर दुरुस्ती झालेल्या गाडीत दोन्ही वायरी काळ्या असू शकतात. मायनस आधी का? गाडीची अख्खी बॉडी मायनसला जोडलेली असते. मायनस जागेवर असताना प्लसचा नट काढायला गेलात आणि पान्याचं दुसरं टोक कुठेही पत्र्याला लागलं, की पान्यातून शेकडो अँपिअर वाहतात. पाना तिथेच वितळून चिकटतो, बॅटरी फुटूही शकते. मायनस आधी काढला की बॉडीचा संबंध तुटतो, मग प्लसवरचा पाना पत्र्याला लागला तरी काही होत नाही. उलट मायनस काढताना पाना बॉडीला लागला तरी फरक पडत नाही, कारण दोन्हीकडे मायनसच आहे. मायनस काढल्यावर ती वायर बाजूला वळवून तिच्यावर सुकं फडकं गुंडाळायचं. तसं नाही केलं तर ती उसळी मारून पुन्हा खुंटीवर येते.

क्लॅम्प अडकलेला असतो, हे गृहीत धरा. हातोडीने ठोकणं आणि स्क्रू ड्रायव्हरने उचकटणं या दोन्ही गोष्टींनी खुंटी मुळापासून हलते. नट पूर्ण ढिला करून क्लॅम्प डावी-उजवीकडे फिरवायचा आणि मगच वर ओढायचा. पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड जमली असेल तर एक ग्लास पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा मिसळून जुन्या टूथब्रशने लावायचा. फेस येतो, तो थांबला की पुसून घ्यायचं. हे पाणी झाकणांच्या फटीतून बॅटरीच्या आत जाता कामा नये. काही गाड्यांत मायनसच्या क्लॅम्पवरच छोटा सेन्सर असतो, तिथे जोर अजिबात नको. तो तुटला तर बॅटरीपेक्षा त्याचंच बिल मोठं येऊ शकतं.

मग प्लस, आणि शेवटी वरची पट्टी. तिचे लांब हूकवाले बोल्ट गंजलेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं तर ते मुकाट्याने निघतात. माझ्या मापाची बॅटरी साधारण दहा किलोची आहे. वजन फार नाही, पण वाकून आणि हात लांब करून उचलताना कंबर बोलते. उचलताना तिरकी करायची नाही. ॲसिड अंगावर आलं तर भरपूर पाण्याने धूत राहायचं. डोळ्यात गेलं तर निदान पंधरा मिनिटं वाहतं पाणी आणि तिथून थेट डॉक्टर.

ट्रे रिकामा झाला की त्यातली माती आणि गंज काढून तो धुऊन कोरडा करायचा. नवी ठेवण्याआधी जुनीच्या शेजारी उभी करून प्लस एकाच बाजूला आहे ना, ते बघायचं. ही अर्ध्या मिनिटाची तपासणी कोडवर भरवसा असला तरी करायचीच. बॅटरी ट्रेमध्ये सपाट बसली की आधी पट्टी आवळायची. हाताने हलवून बॅटरी जागची हलता कामा नये. आपल्याकडच्या खड्ड्यांत ढिली बॅटरी आतून हादरते, प्लेटांवरचा लेप गळतो आणि वॉरंटीच्या आतच ती कुरकुरायला लागते. पण पेटी वाकेल इतकीही पट्टी आवळू नये.

जोडताना आधी प्लस, शेवटी मायनस. क्लॅम्प खुंटीवर हाताने तळापर्यंत दाबून मगच नट. शिसं मऊ असतं, म्हणून जोर मनगटाचा लावायचा, खांद्याचा नाही. आवळल्यावर क्लॅम्प हाताने फिरला नाही की झालं. वरून व्हॅसलिनचा पातळ हात द्यायचा, पण जोड आवळून झाल्यावर. प्लसवरची रबरी टोपी आठवणीने बसवायची. मायनस लावताना बारीक ठिणगी दिसते. ती गाडीतल्या कंट्रोल युनिटांत वीज भरण्याची असते, घाबरायचं कारण नाही. मोठी ठिणगी दिसली तर वायर लगेच काढायची, आणि आतला दिवा चालू किंवा एखादा दरवाजा उघडा आहे का, आणि वायरी उलट्या तर नाहीत ना, ते बघायचं. अलार्म वाजला तर रिमोटने अनलॉक करायचं.

गाडी सुरू झाल्यावर टर्मिनलवर पुन्हा मीटर. १३.८ ते १४.५ च्या मध्ये असेल तर अल्टरनेटर ठीक. १३ च्या खाली राहिला तर नवी बॅटरीही काही दिवसांत उतरेल, आणि खर्च चुकीच्या जागी झाला असं समजावं. १५ च्या वर गेला तर ती आतून उकळेल. एसी बंद ठेवून इंजिन पाचेक मिनिटं चालू द्यायचं. बॅटरी काढल्यावर इंजिनचं शिकलेलं आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीतला संथ वेग, पुसलं जातं, त्यामुळे पहिल्यांदा थोडी थरथर होते. एका झटक्यात वर जाणारी काच जात नसेल तर बटण वर ओढून काच पूर्ण बंद करायची आणि बटण दोन सेकंद तसंच धरायचं. बऱ्याच गाड्यांत तेवढ्याने जमतं.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे ती इतर कचऱ्यात टाकायची नसते, आणि नवी घेताना जुनी परत दिली की दुकानदार किमतीत सूट देतात. डिकीतून नेताना ती उभीच ठेवायची, टर्मिनलवर चिकटपट्टी लावायची आणि खाली जाड पुठ्ठा घालायचा. आठवड्याने एकदा बॉनेट उघडून दोन्ही क्लॅम्प हाताने हलवून बघायचे. मऊ शिसं दबून बसतं आणि नट पाव फेरा ढिला निघतो.