हार्लेमजवळ राहून हर्स्टन वाचताना

न्यूयॉर्कमध्ये दोन महायुद्धांमधलं अमेरिकन साहित्य शिकतेय म्हटलं की पुण्याच्या मैत्रिणी लगेच हेमिंग्वे आणि फिट्झजेराल्डची चौकशी करतात. ते दोघं अभ्यासक्रमात आहेतच. माझा जीव मात्र झोरा नील हर्स्टन या कृष्णवर्णीय लेखिकेवर जडलाय.

फ्लोरिडातलं ईटनव्हिल हे कृष्णवर्णीयांनी स्वतः वसवलेलं आणि स्वतःच चालवलेलं गाव. झोरा तिथे वाढली. पुढे ती न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात शिकली, १९२८ साली पदवीधर झाली. हार्लेम ही कृष्णवर्णीयांची वस्ती तिथून चालत जाण्याइतकी जवळ, आणि त्या वर्षांत तिथे कवी, गायक, चित्रकार यांची नुसती गर्दी. मानववंशशास्त्रज्ञ फ्रांझ बोआस यांनी तिला लोककथा गोळा करायला परत फ्लोरिडात पाठवलं. दुकानाच्या ओट्यावर बसून लोक ज्या थापा मारायचे, त्या तिने टिपून घेतल्या. मला सारखी दुर्गाबाई भागवतांची आठवण येते. लोकांच्या तोंडचं वाङ्मय त्यांनीही असंच मोलाचं मानलं.

तिच्या १९३७च्या ‘देअर आइज वेअर वॉचिंग गॉड’ या कादंबरीतली पात्रं त्याच ओट्यावरच्या बोलीत बोलतात. डोळ्यांनी वाचताना मी अडखळत होते. खोलीचं दार लावून मोठ्याने वाचायला लागले, तेव्हा कादंबरीची नायिका जेनी ऐकू आली.

रिचर्ड राइट या मोठ्या लेखकाने तेव्हा टीका केली, की या कादंबरीला ना विषय आहे ना विचार. मला हे अजिबात पटत नाही. शेवटाकडे वादळात फ्लोरिडातल्या ओकिचोबी तळ्याचा बांध फुटतो. १९२८ साली हे वादळ खरोखरच आलं होतं. प्रेतं पुरायला बंदुकीच्या धाकाने माणसं जुंपली जातात आणि हुकूम सुटतो, की गोऱ्यांना शवपेट्या, काळ्यांना खड्डा. चिखलाने माखलेल्या प्रेतांचा रंग ओळखायचा कसा, म्हणून केस तपासायला सांगतात. याहून राजकीय काय असतं?

पुढे पुस्तक बाजारातून नाहीसं झालं. १९६० साली झोरा गरिबीत वारली, थडग्यावर साधी पाटीही नव्हती. १९७३ साली लेखिका अ‍ॅलिस वॉकरने ती जागा शोधून शिळा बसवली, आणि १९७८ साली कादंबरी पुन्हा छापली गेली. फिट्झजेराल्डची ‘गॅट्सबी’ वाचून झाली असेल तर पुढे हीच घ्या, आणि संवाद मोठ्याने वाचा.