माणशी तीन काड्या

गेल्या आठवड्यात दुपारी फडताळ आवरताना आजीची केशराची चपटी डबी सापडली आणि तिच्या तळाशी नेमक्या तीन काड्या निघाल्या. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या घरात कोजागिरीचे दूध आटू लागले, की आजी माणशी तीन काड्या मोजून वाटीत भिजत घाली. आयत्या वेळी पाहुणा वाढला, की तिच्या कपाळाला आठी पडे. केशराच्या एका फुलात कुक्षीच्या तांबड्या शाखा तीनच असतात, म्हणजे आजी प्रत्येकाला एकेक फूल वाढत होती, हे मला फार उशिरा उमगले.

या काड्यांना कोणी पुंकेसर म्हटले, की मी अजूनही भर पंगतीत चूक सुधारते. पुंकेसरही तीनच, पण ते पिवळे असतात आणि त्यांना कोणी विचारत नाही.

केशराचा रानटी पूर्वज, क्रोकस कार्टरायटियानस, ग्रीसमध्ये अथेन्सच्या आसपास आणि एजियन बेटांवर खडकाळ जमिनीत उगवतो. आपल्याकडे कासचा बहर ओसरून गाड्या परतू लागतात, त्या सुमारास तो फुलू लागतो. त्याच्या जांभळ्या, क्वचित पांढऱ्या सहा पाकळ्यांखाली जो देठ वाटतो, तो देठ नसून पाकळ्याच जुळून झालेली नळी असते. अंडाशय खाली मातीतच, कंदापाशी दडलेला असतो आणि बी पिकू लागल्यावरच फळ जमिनीवर डोकावते. या रानटी झाडाची गुणसूत्रे 16, तर लागवडीच्या केशराची 24, म्हणजे तीन संच. त्यांची जोडी नीट लागत नाही, म्हणून केशराला बी धरत नाही. कोणीतरी कंद उकरून पुन्हा लावले, तरच त्याचा वंश पुढे सरकतो.

आजीने परसात लावलेला ग्लॅडिओलस याच कुळातला. त्याचे कंद काढण्याचे काम माझ्याकडे असे, आणि सुकून चपटा झालेल्या जुन्या कंदाच्या डोक्यावर बसलेला टपोरा नवा कंद पाहून मला दर वर्षी उगीचच वाईट वाटे. केशराचेही तसेच असते. नवा कंद जुन्याला संपवूनच पोसतो.

डबीतल्या तीन काड्या म्हणजे एकच फूल, आणि यंदा कोजागिरीला घरात मी एकटीच आहे. आजीच्या हिशेबाने ते पुरेल. पण एका माणसासाठी दूध आटवत बसायचे का, हे अजून ठरलेले नाही.