पेंचला जाताना गेटचं नाव नीट वाचा

डिसेंबरच्या सुट्टीत ताई, भाऊजी अन् भाचा पुण्याहून आले की आमच्या घरी एकच विषय असतो, वाघ. नागपूरला टायगर कॅपिटल म्हणतात हे पोट्ट्याने कुठंतरी वाचलंय, त्यामुळे त्याला वाटते की वर्धा रोडवर उतरलं की सिग्नलला वाघ उभा असतो. मागच्या वर्षी त्याला गोरेवाड्याला नेलं होतं, तिथल्या सफारीच्या बसमधून वाघ दिसला सुद्धा, पण परत आल्यावर साहेब म्हणतात, मामा हा जाळीतला होता, हा मोजत नाहीत. आता नऊ वर्षांच्या पोराशी काय वाद घालणार.

तर यावेळी पेंचचा व्याघ्र प्रकल्प, खरं जंगल. अन् बुकिंग भाऊजींनी पुण्यातूनच करून टाकलं, ऑनलाईन, आम्हाला सरप्राईज म्हणून. इथंच खरं तर मी विचारायला पाहिजे होतं की भाऊजी कोणतं गेट. पण मुक्काम सिल्लारीला आहे म्हटल्यावर मी समजून चाललो की सफारीपण सिल्लारी गेटचीच असेल, अन् आई सोडून आम्ही सगळे (आईला थंडी सोसत नाही, ती घरीच थांबली) दुपारी कामठी, कन्हान, मनसर करत निघालो. नागपूरहून सिल्लारी साधारण सत्तर किलोमीटर, पवनीपासून हायवे सोडून डावीकडे वळायचं. भंडाऱ्याची पवनी नाही, ही रामटेक तालुक्यातली पवनी, बऱ्याच लोकांचा इथंच घोळ होतो.

ज्यांनी जबलपूर हायवे हल्ली पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो, जंगलातून जाणारा रस्ता आता बऱ्याच जागी खांबांवर उचललाय अन् खालून जनावरांना जायला जागा ठेवलीय, पेंचच्या महाराष्ट्राच्या भागात असे नऊ मार्ग आहेत. वाघ सुद्धा तिथून जातात, कॅमेऱ्यात आलेले आहेत. भाचा अख्खा वेळ काचेला नाक लावून खाली पाहत होता अन् खाली काहीच दिसत नव्हतं कारण आपण वरून जातो, पण त्याला ते सांगून काय फायदा.

सिल्लारीला पोचलो तोवर अंधार पडला होता अन् अंधार म्हणजे खरोखरचा अंधार. जानेवारी २०२४ मध्ये पेंचला डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला, भारतातला पहिला. त्यासाठी वाघोडा, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलले, उजेड खाली पडेल अन् आभाळात जाणार नाही असे लावले. मी बातमी वाचली होती तेव्हा मला वाटलं होतं की ठीक आहे, आणखी एक पाटी लागली. पण जेवण झाल्यावर बाबा म्हणाले चल जरा शतपावली करू, अन् आवारात मधोमध जाऊन वर पाहिलं तर बाप्पा रे. मी चाळिशीला आलो, मी आभाळ असं पाहिलंच नव्हतं. आमच्या गच्चीवरून मोजून वीसेक तारे दिसत असतील, त्यातलंही एखादं विमान निघते.

पूर्वेला मृग चांगला वर आलेला, मधले तीन तारे म्हणजे बाण, तो सोडणारा व्याध त्याच्या खाली मागंमागं चढत होता. भाच्याला सांगितलं की हे हरीण अन् हा शिकारी, तर तो म्हणतो मग वाघ कुठंय? भाऊजी मोबाईल वर धरून कोणतं तरी अॅप फिरवत होते अन् इंग्रजी नावं सांगत होते, बाबा मात्र गप्प. मग म्हणाले, आता नाही दिसत, खाटलं पहाटे दिसते.

खाटलं म्हणजे बुढीचं खाटलं. सप्तर्षी. आमच्या आजीच्या गावाकडची गोष्ट आहे, चार तारे म्हणजे म्हातारीच्या बाजेचे चार पाय अन् बाकीचे तीन म्हणजे ते खाटलं चोरायला आलेले चोर. चोर पायाला हात लावतात पण रात्रभर खाटलं काही नेता येत नाही. मी ही गोष्ट लहानपणी शंभरदा ऐकली अन् खाटलं कधी पाहिलंच नाही, म्हणजे चित्रात पाहिलं. सकाळी साडेचारला उठून बाहेर आलो, थंडीने दात वाजून राहिले होते, बाबा कानाला मफलर गुंडाळून आधीच उभे, अन् उत्तरेकडे अख्खं खाटलं उभं टांगलेलं, चोरांसकट. भाचा झोपेतच होता, त्याला कडेवर घेऊन ताई आली. बाबांनी त्याला ते चार पाय मोजायला लावले. एवढंच. पण मला विचाराल तर पूर्ण ट्रिपचे पैसे तिथंच वसूल झाले.

आता मजा पुढं आहे. साडेपाचला चहा पिऊन सिल्लारी गेटवर गेलो, भाऊजींनी ऐटीत मोबाईल पुढं केला, तिथल्या माणसाने पाहिलं अन् म्हणाला, साहेब तुमचं चोरबाहुलीचं आहे. चोरबाहुली! म्हणजे परत पवनी गाठा, हायवे गाठा, मग ते गेट. बाबांच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते मी पाहत होतो. हेच मी केलं असतं तर पुढचे सहा महिने ऐकावं लागलं असतं, पण जावईबापूंना कोण बोलणार. बाबा फक्त म्हणाले, "असू द्या जावईबापू, त्या निमित्ताने तेही गेट होऊन जाईल." मी मान वळवून हसून घेतलं. ताईने गाडीत बसल्यावर जे बोलायचं ते बोललीच, ते इथं लिहीत नाही.

पाऊण तास गेला पण जिप्सी थांबली होती, अन् गाईड म्हणून एक ताई होत्या, जवळच्याच गावच्या. त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकलं की वाघाची गॅरंटी नाही, अन् मग ज्या गोष्टी दाखवल्या त्या मी आधी तीनदा पेंचला येऊन पाहिल्या नव्हत्या, कारण तीनही वेळा वाघ वाघ करत नुसता सुसाट गेलो होतो. ऐनाचं झाड दाखवलं, त्याची साल मगरीच्या पाठीसारखी, भेगाभेगांची, अन् खोडात पाणी साठवून ठेवते. भुताचं झाड दाखवलं, पांढरंफटक, पानं झडलेलं, चांदण्या रात्री एकटं भेटलं तर कोणीही पळेल. वानरं झाडावरून अर्धवट खाल्लेला पाला खाली टाकतात अन् चितळं खाली उभी राहून तेच खातात, बदल्यात कोणी आलं तर दोघं एकमेकांना ओरडून सांगतात. एका वळणावर असाच कॉल आला, दोन, तीन, सगळ्या जिप्सी जागच्या जागी बंद. भाचा श्वास रोखून. मागच्या गाडीत कोणीतरी चिप्सचं पाकीट फोडलं, तो आवाज त्या शांततेत एवढा मोठा आला ना की मला उतरून ते पाकीट हिसकून घ्यावंसं वाटलं, पण उतरता येत नाही म्हणून वाचले.

वाघ काही आला नाही. आले ते कोळसून, म्हणजे रानकुत्रे, सहा की सात, तांबडे, झुबकेदार काळ्या शेपट्यांचे, रस्ता ओलांडून एकामागं एक झुडपात गेले, जणू आम्ही तिथं नाहीच. गाईड ताई म्हणाल्या हे शीळ घालून एकमेकांना बोलावतात. त्यानंतर परतीपर्यंत भाचा गाडीत शीळ वाजवायचा प्रयत्न करत होता.

येताना बाबांनी हट्ट धरला की नवेगाव खैरी पाहून जाऊ, पारशिवनीकडून. भाऊजी म्हणाले तिथं काय आहे? तिथं आमच्या नळाचं पाणी आहे. वर पेंच नदीवर तोतलाडोहाला धरण, तिथं वीज तयार होते, अन् ते पाणी खाली नवेगाव खैरीला येऊन थांबते, तिथून नागपूर. आधी शहर गोरेवाड्याचं पाणी प्यायचं, तो तलाव १९१२ चा, पुढं लोकसंख्या वाढली अन् पेंचशिवाय पर्याय राहिला नाही. आमच्या भागात आजही नळ गेला की शेजारी विचारतात, "पेंचचं काही काम निघालं का?" २०१९ च्या जुलैमध्ये पाऊस लांबला, तोतलाडोह पार तळाला गेला अन् शहरात एक दिवसाआड पाणी झालं, तेव्हा आईने बाथरूममध्ये ड्रम ठेवला तो अजून हललेला नाही.

लांबूनच पाहिलं पाणी. मोठं, शांत, ऊन पडलेलं, कडेला पाणकावळे पंख वाळवत बसलेले. बाबा कठड्याला टेकून बराच वेळ पाहत राहिले. म्हणाले, चाळीस वर्षं हे पाणी पितो, घर आज पाहिलं त्याचं. मग भाच्याला समजावत बसले की जंगल असते म्हणून पाऊस मुरते अन् नदी हळूहळू वाहते, अन् वाघ असते म्हणून लोक जंगल ठेवतात, म्हणजे तू जो ग्लास पितो ना त्यात थोडा वाघ असते. पोट्टं त्या पाण्याकडे फार संशयाने पाहायला लागलं.

रामटेकला गडावर गेलो नाही, उशीर झाला होता. खिंडसी तलावावर थांबलो, बोटीत बसलो, भजी खाल्ली, गर्दी फार होती. तिथं थर्मास विसरलो, नवा होता.

घरी आल्या आल्या आईने दारातच विचारलं, दिसला का? भाचा म्हणाला, "वाघ नाही दिसला आजी, पण चोर दिसले. तीन." आई घाबरून बाबांकडे पाहायला लागली.

आता होळीच्या आसपास, मोह पडायला लागला की कोलितमाऱ्याला जायचं ठरवलंय, तिथं नदीत बोटिंग आहे. भाऊजी फोनवर म्हणाले, बुकिंग मी करतो. मी म्हटलं नको भाऊजी, तुम्ही फक्त तिकीट काढून नागपूरला या.