खाणीत सोनं, गावात ५७६ माणसं

कॅनडातलं वावा गाव सोडून ट्रान्स-कॅनडा हायवेने वर निघालं की उजव्या हाताला ५१९ नंबरचा रस्ता फुटतो. साधारण तीस किलोमीटर दोन्ही बाजूंना नुसतं जंगल. तिन्हीसांजेला एखादा मूस, म्हणजे इथलं दांडगं हरीण, रस्त्याच्या मधोमध उभा राहतो आणि हॉर्न वाजवला तरी ढिम्म हलत नाही. जंगल सरतं तिथे रस्ताही सरतो, आणि लागतं द्युब्रॉयव्हिल. प्रांत इंग्रजी बोलणारा ओंटारिओ, पण गाव फ्रेंच बोलणाऱ्यांचं.

मी इथल्या सोन्याच्या खाणीत सर्व्हेचं काम करतो. दोन आठवडे खाणीच्या राहण्याच्या कॅम्पवर, दोन आठवडे सडबरीच्या घरी. मूळचा चंद्रपूरकडच्या घुग्घुसचा, वेकोलि या कोळसा कंपनीच्या क्वार्टरमध्ये वाढलेला. त्यामुळे कंपनीने वसवलेलं गाव मला लगेच ओळखू येतं. सगळी घरं साधारण एकाच वयाची, आणि कोणाचंही घर विचारलं की आधी कळतं तो कुठल्या खात्यात होता ते.

द्युब्रॉय नावाच्या चार भावांनी १९६१ मध्ये आपल्या लाकडाच्या कारखान्यासाठी हे गाव वसवलं. भाऊ फ्रेंच बोलणाऱ्या क्वेबेक प्रांतातले, कामगारही बरेचसे तिकडचेच. घरादारासकट आले, भाषाही घेऊन आले. १९७७ मध्ये गावाला स्वतःचा कारभार मिळाला. पुढे अमेरिकेत घरबांधणी कोसळली, लाकडाची मागणी आटली आणि २००८ च्या सुमारास कारखाना थंडावला.

जनगणनेचे आकडे बघा. २००१ मध्ये ९६७ माणसं. २००६ मध्ये ७७३. मग ६३५, मग ६१३, आणि २०२१ मध्ये ५७६. आता गंमत अशी, की याच काळात जवळच्या आयलंड गोल्ड खाणीत काम वाढत होतं. मजिनोची जुनी खाणही नव्याने उघडली आणि २०२३ मध्ये तिथून सोनं निघालं. शिफ्ट सुटली की पार्किंगमध्ये पिकअपची ही रांग लागते! मग माणसं गेली कुठे?

माणसं कॅम्पवर आहेत, बाप्पा. कॅनडाच्या जनगणनेत माणूस जिथे कायम राहतो तिथे मोजला जातो. मी सडबरीत मोजला गेलो, माझा हेल्पर टिमिन्सला. आम्ही इथलं जेवतो, इथल्या बर्फात गाड्या रुतवतो, पण आमची पोरं इथल्या शाळेत जात नाहीत. आणि फ्रेंच शाळा चालते ती पोरांवर; खाणीतून किती औंस सोनं निघालं याच्याशी तिला काय करायचं?

दुकानातल्या काऊंटरवरच्या आजी गिऱ्हाईक कोणीही असो, सुरुवात फ्रेंचमधूनच करतात. माझं फ्रेंच म्हणजे ‘बोंजूर’, ‘मेर्सी’ आणि दुधाच्या पिशवीकडे बोट. (होय, इथेही दूध पिशवीत मिळतं, फक्त एका मोठ्या पिशवीत तीन छोट्या.) त्या हसून इंग्रजीवर येतात, पण पैसे परत देताना पुन्हा फ्रेंचमध्ये मोजून देतात. त्यांची नातवंडं शिकायला सडबरीच्या कॉलेज बोरेआलमध्ये नाहीतर हर्स्टच्या युनिव्हर्सिटीत. दोन्हीकडे शिक्षण फ्रेंचमध्येच, म्हणजे भाषा सुटत नाही. गाव मात्र सुटतं. शिकलेली पोरं सडबरीला आणि सडबरीचा मी इथे!

खाण आली की गाव भरभराटीला येतं, असं घरी फोनवर सगळेच म्हणतात. घुग्घुसच्या काळी ते खरंही होतं, कारण तेव्हा क्वार्टर मिळायचं, बायकापोरं यायची. कॅम्पमध्ये मिळते ती सिंगल खोली आणि डब्यात भरून न्यायचं सँडविच. कंपन्यांना ते परवडतं आणि खरं सांगायचं तर मलाही. बायकोची नोकरी सडबरीला आहे. तेव्हा २०२६ च्या जनगणनेतही मी सडबरीचाच. कोणी खाणवाला आपल्या बिऱ्हाडासकट इथे राहायला आलाच, तर दुकानातल्या आजी त्याला बोंजूर म्हणायला तयार आहेत.