पन्नास एकर आणि एक फुली

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला राहायला आलो तेव्हा शेजारच्या आजींना मी आपल्या सवयीने विचारलं, "तुम्ही मूळच्या आयरिश का?" त्यांनी लगेच दुरुस्ती केली, "आयरिश नाही, स्कॉच-आयरिश." आपल्याकडे कुणी "गोव्याचे नव्हे हो, कारवारचे" म्हणतं, अगदी तोच सूर.

हे लोक मूळचे स्कॉटलंडचे. सतराव्या शतकात इंग्रज राजवटीने त्यांना आयर्लंडच्या उत्तरेला, अल्स्टरमध्ये वसवलं. तिथे तीन-चार पिढ्या काढून अठराव्या शतकात ते अमेरिकेत आले. धर्माने प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रॉटेस्टंट ख्रिश्चनांतला एक पंथ, आणि घरोघरी जवसाच्या झाडाच्या धाग्याचं लिनन. बायकांनी सूत कातायचं, पुरुषांनी विणायचं. 1770च्या सुमाराला लिननचा धंदा बसला, त्यात जमीनदारांनी खंड वाढवले, आणि माणसं जहाजात चढली.

आजींच्या सात पिढ्यांमागच्या आजी अशाच अल्स्टरमधल्या अँट्रिम परगण्यातून आल्या, एवढं घरात ऐकीव. आजींची नजर आता अधू झालीय, म्हणून गेलं वर्षभर शनिवारची दुपार आमची दोघींची, त्या पूर्वज आजींचा माग काढण्याची. मी पडद्यावरची जुनी अक्षरं वाचायची, त्यांनी वहीत टिपायचं, मधे चहा. माझा चहा त्यांना फार गोड लागतो, पण कप रिकामा होतो.

पहिले दोन महिने फुकट गेले. एका वेबसाइटवर कुणीतरी केलेली आयती वंशावळ मिळाली आणि आम्ही हरखून गेलो. नंतर लक्षात आलं, त्या पठ्ठ्याने एकाच नावाच्या तीन बायकांची एक करून टाकलीय. बाईला पहिलं मूल वयाच्या सहाव्या वर्षी झालेलं!

मग मूळ कागदांकडे वळलो. लग्नाची नोंद शोधू म्हटलं, तर त्या जिथे वसल्या त्या शेजारच्या साउथ कॅरोलायनात 1911 पर्यंत लग्नाची सरकारी नोंद होतच नव्हती. 1790च्या पहिल्या जनगणनेत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं. गोऱ्या पुरुषांचे निदान सोळा वर्षांवरचे आणि खालचे असे दोन रकाने तरी आहेत. बायकांना एकच रकाना, त्यात तान्ही मुलगी आणि ऐंशीची म्हातारी एकत्र. गुलामांचाही एक रकाना, तोही नुसत्या आकड्याचा. त्या रकान्यावरून बोट सरकवताना आजी काही बोलल्या नाहीत. मीही नाही. घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव लिहायला 1850 उजाडावं लागलं.

तिकडे आयर्लंडमध्ये तर 1922च्या यादवीत डब्लिनचा दप्तरखानाच जळाला. जुन्या जनगणनेची बहुतेक पानं त्यात गेली.

सापडला तो तिच्या नवऱ्याचा जमिनीचा अर्ज. तेव्हा नियम असा होता की घरच्या कर्त्याला 100 एकर आणि सोबतच्या प्रत्येक माणसामागे 50. याला 250 एकर मिळाले. म्हणजे बायको आणि दोन मुलं. आजी वहीतून मान वर करून म्हणाल्या, "म्हणजे ती पन्नास एकर आहे."

मधे एका रविवारी त्यांनी मला विमानतळाजवळच्या स्टील क्रीकच्या जुन्या दफनभूमीत नेलं. डोक्यावरून विमानं जात होती आणि त्या मला दगडांवरचे दोन शब्द समजावत होत्या. बाईच्या नावापुढे 'कॉन्सॉर्ट' असेल तर ती नवऱ्याच्या आधी गेली, 'रेलिक्ट' असेल तर मागे राहिली. मी म्हटलं, हे तर आमचं सौ. आणि गं.भा.! 'गंगाभागीरथी'चा अर्थ सांगितल्यावर त्या बराच वेळ हसत होत्या. मग एकदम विचारलं, "तुझ्या आजीचं लग्नाआधीचं नाव काय?" मला येईना. घरी आल्यावर आत्याला फोन लावला. ती म्हणाली, "यमू. पण तांदळात नाव बदललं ना, मग कोण हाक मारणार?"

त्या पूर्वज आजींचं माहेरचं आडनाव कळलं ते त्यांच्या नातवामुळे. या लोकांत मुलांना आजी-आजोबांची नावं ठरलेल्या क्रमाने ठेवायची रीत, आणि कधी कधी आईचं माहेरचं आडनावच मुलाचं पहिलं नाव. एका नातवाचं नाव तसं विचित्र निघालं. खात्री नाही, पण धागा बरा आहे.

आणि गेल्या महिन्यात ती स्वतः भेटली. नवऱ्याने जमिनीचा तुकडा विकला तेव्हा. नवरा आधी गेला तर विकलेल्या जमिनीवरही बायकोचा एक तृतीयांश हक्क असे. तो सोडायचा तर न्यायाधीश तिला नवऱ्यापासून वेगळं बसवून विचारी, की हे तू राजीखुशीने, कुणाच्या धाकाशिवाय करते आहेस ना? खाली तिचं पूर्ण नाव आणि नावाच्या मधोमध फुली. सहीच्या जागी.

आजींनी भिंग घेऊन ती फुली पाहिली. मला राहवलं नाही. म्हटलं, हे नोंदवहीतलं पान आहे, कारकुनाने मूळ दस्तावरून उतरवलेलं. अक्षर सगळं त्याचंच, म्हणजे फुलीही त्याचीच.

"असू दे," आजी म्हणाल्या. "त्याने बघून काढली ना?" आणि प्रिंटर चालू करायला उठल्या.